मशिदीतला तंबू

इसवी सन ६२७. मदिना शहराला वेढा पडलाय. शहराच्या उघड्या बाजूला खंदक खणलेला, पलीकडे मक्केची आणि तिच्या मित्रटोळ्यांची फौज. खंदकाची ही युक्ती इराणहून आलेल्या सलमान यांची. अरबस्तानात असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे हातघाईची लढाई फारशी झालीच नाही. पण बाण येत राहिले. त्यातला एक बाण साद इब्न मुआज यांच्या हाताच्या शिरेत घुसला. साद हे मदिनेतल्या अवस टोळीचे सरदार, वय जेमतेम पस्तीस-सदतीस. अंगातलं चिलखत आखूड होतं आणि हात उघडे राहिले होते, असं जुन्या नोंदी सांगतात.

शीर तुटली होती. जखम डागली, रक्त थांबलं, पण हात सुजला. अशा माणसाला ठेवायचं कुठे? घरी पाठवायचं, तर तिथे जखमेतलं कळणारं कोण? पैगंबरांनी त्यांना आपल्याच मशिदीत, रुफैदा नावाच्या बाईंच्या तंबूत ठेवायला सांगितलं. म्हणजे जवळच्या जवळ येता-जाता भेटताही येईल.

नर्सिंगला असलेल्या तुमच्या मित्रमैत्रिणींना विचारा, त्यांच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा धडा असतोच. रुफैदा बिन्त साद अल-अस्लमिया हे नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. जिथे ऐकलेलं असतं, तिथे त्यांची ओळख ‘इस्लामची फ्लॉरेन्स नाइटिंगेल’ अशी करून देतात. मला ही ओळख जरा उलटी वाटते. नाइटिंगेलबाई क्रिमियाच्या युद्धात तुर्कस्तानातल्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या १८५४ साली. रुफैदांचा तंबू त्याआधी बाराशे वर्षं उभा होता.

जुन्या ग्रंथांत रुफैदांवर मोजक्याच ओळी आहेत, पण त्या वजनदार आहेत. त्या मदिनेजवळच्या बनू अस्लम टोळीतल्या. वडील वैद्य होते आणि त्यांच्या हाताखालीच त्या शिकल्या, असं परंपरा सांगते. तेव्हा नर्सिंग कॉलेज कुठलं असणार? घरात औषधं उगाळली जायची, जखमा धुतल्या जायच्या, ते बघत बघत हात तयार व्हायचा. पुढे मदिनेत इस्लाम आला, ६२२ साली पैगंबर मक्केहून तिथे राहायला आले, आणि रुफैदा नव्या समाजातल्या पहिल्या काही बायकांपैकी एक झाल्या.

पैगंबरांचं सर्वांत जुनं चरित्र इब्न इसहाक या आठव्या शतकातल्या लेखकाचं. त्यात रुफैदांबद्दल दोनच गोष्टी सांगितल्यात. एक, त्या जखमींवर उपचार करत. दुसरी, ज्यांचं बघायला कुणी नसे, अशांची सेवा त्यांनी आपणहून पत्करली होती. या दुसऱ्या गोष्टीपाशी जरा थांबा. टोळ्यांच्या त्या समाजात आजारी माणूस म्हणजे त्याच्या कुटुंबाची आणि टोळीची जबाबदारी. ज्याच्यामागे टोळी नाही, त्याचे हाल कुत्रा खाणार नाही. मदिनेत तर घरदार मागे टाकून आलेले कितीतरी लोक होते. रुफैदांनी नेमकं त्यांचं काम अंगावर घेतलं होतं.

आता ती मशीद डोळ्यांसमोर आणा. संगमरवर, मिनार, झुंबरं सगळं मनातून पुसून टाका. उन्हात वाळवलेल्या विटांच्या भिंती, खजुराच्या बुंध्यांचे खांब, एका बाजूला खजुराच्या झावळ्यांचं छप्पर आणि बाकी उघडं अंगण. तिथे नमाज व्हायची, निवाडे व्हायचे, परगावची माणसं उतरायची, ज्यांना घर नव्हतं ते झोपायचे. त्यातच रुफैदांचा तंबू. बनू गिफार टोळीच्या लोकांचा आणखी एक तंबू शेजारीच होता. थोडक्यात, रुग्ण गावकुसाबाहेर नव्हता, अगदी मधोमध होता. दिवसातून पाच वेळा गाव तिथे गोळा होणार, त्याला पाहणार, त्याच्यासाठी दुवा मागणार. आजाऱ्याला भेटायला जाणं इस्लाममध्ये पुण्याचं आणि कर्तव्याचं काम मानतात. तंबू मशिदीतच असल्यावर ते करायला वेगळं जावंही लागत नव्हतं.

सादना तिथे आणल्यावर पैगंबर सकाळ-संध्याकाळ तंबूवरून जाताना त्यांची विचारपूस करत. सकाळी रात्र कशी गेली, संध्याकाळी दिवस कसा गेला. आपल्याकडे डॉक्टर राउंडला येतात, तसंच म्हणा ना, फक्त हातात फाइल नाही. रुफैदांनी नेमकी कुठली औषधं लावली, ते ग्रंथांत नाही, पण जखम काही दिवस सुकत आली होती. मधेच सादना गाढवावर चामड्याची गादी टाकून तंबूतून बाहेर न्यावं लागलं. वेढा उठल्यावर बनू कुरैझा या ज्यू टोळीच्या बाबतीत निवाडा द्यायचा होता आणि तो सादनीच द्यावा, असं ठरलं होतं. तो निवाडा फार कठोर होता. टोळीतल्या लढू शकणाऱ्या पुरुषांना देहदंड. इतिहासकार आजही त्यावर वाद घालतात. साद परत तंबूत आले. मग एके रात्री जखम फुटली. शेजारच्या तंबूतल्या गिफारींना आपल्याकडे रक्ताचा ओघळ आलेला दिसला, तेव्हा सगळ्यांना कळलं. साद गेले.

म्हणजे रुफैदांची इतिहासात नोंदलेली सर्वांत मोठी केस यशस्वी झालीच नाही. त्यांचा रुग्ण वाचला नाही. तरी पुढच्या शेकडो वर्षांत कुणी त्याबद्दल रुफैदांना बोल लावला नाही. लक्षात राहिला तो तंबू. मरणाऱ्या माणसाला त्याच्या माणसांत, त्याच्या प्रार्थनेच्या जागी ठेवलं, त्याच्याजवळ एक जाणकार हात शेवटपर्यंत होता, हे लक्षात राहिलं. सादच्या आईनं मुलासाठी विलाप केला. तसल्या आक्रोशाला एरवी पैगंबरांची मनाई असे. त्या माउलीला मात्र कुणी गप्प केलं नाही. नियम माहीत असणं आणि कोणत्या क्षणी तो बाजूला ठेवायचा हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रुफैदा एकट्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. उम्म अतिया नावाच्या बाई सात मोहिमांत सैन्याबरोबर गेल्या होत्या. स्वयंपाक करायच्या, जखमींची मलमपट्टी करायच्या. रुबय्यी बिन्त मुअव्विज पाणी पाजायच्या, जखमींना आणि मृतांना मदिनेत परत आणायच्या. पुढच्या वर्षी खैबरच्या मोहिमेच्या वेळी रुफैदांनी आपल्याबरोबर तयार केलेल्या बायका घेऊन येण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली, असं सांगतात. परतल्यावर त्यांना सैनिकाइतका वाटा दिला गेला, असंही सांगतात. नर्सिंग हे ‘सेवा’ म्हणून गोड बोलून फुकटात करून घ्यायचं काम नाही, हे सातव्या शतकात कुणाला तरी कळलं होतं.

याच उम्म अतियांची एक आठवण हदीसच्या संग्रहांत आहे. पैगंबरांची मुलगी झैनब वारल्या, तेव्हा त्यांना शेवटची आंघोळ घालण्याचं काम या बायकांकडे आलं. पैगंबरांनी कसं करायचं ते नीट सांगितलं. विषम वेळा धुवा, तीनदा किंवा पाचदा, गरज वाटली तर आणखी. पाण्यात बोरीच्या जातीच्या झाडाची पानं घाला. शेवटच्या पाण्यात कापूर. सुरुवात उजव्या बाजूनं. मग त्यांनी आपलं कमरेचं वस्त्र काढून दिलं आणि कफनाच्या आत, अंगाला लागून ते गुंडाळायला सांगितलं. बायकांनी झैनबच्या केसांच्या तीन वेण्या घातल्या. आज नाशिकमध्ये, भिवंडीत किंवा मिरजेत मुसलमान घरात मय्यत होते, तेव्हा जे गुसल दिलं जातं, ते याच आठवणीवर चालतं. बोरीची पानं आणि कापूर अजून तेच आहेत. (कापूर म्हटलं की आपल्याला आरती आठवते, पण वास तोच.)

आता यात आपल्या कामाचं काय? तुमच्यातले काही नर्सिंगला आहेत, काही एमबीबीएसला, काही फिजिओथेरपीला. बाकीच्यांवरही कधी ना कधी कुणाच्या तरी उशाशी वॉर्डात बसायची वेळ येणारच आहे. तिथे रुफैदांच्या तंबूतल्या बऱ्याच गोष्टी रोज समोर येतात, आणि बहुतेक वेळा कागदावर ‘धर्म : मुस्लिम’ एवढं लिहून आपण मोकळे होतो.

साधी गोष्ट, पलंग. शेवट जवळ आला की रुग्णाचा चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला असावा, अशी घरच्यांची इच्छा असते. महाराष्ट्रातून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून. पण ‘मुसलमान म्हणजे पश्चिम’ असं पाठ करू नका. रुफैदांच्या मदिनेत किब्ला दक्षिणेला होता आणि उद्या तुम्ही लंडनला नोकरीला गेलात, तर तो आग्नेयेला असेल. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून तोंड तिकडे करता येतं, किंवा पाठीवर ठेवून डोकं थोडं उंच करून. दुसऱ्या पद्धतीत पाय किब्ल्याकडे होतात आणि काही घरांना ते खटकतं, तेव्हा विचारून करावं. व्हेंटिलेटरच्या नळ्या असतील आणि पलंग हलवणं धोक्याचं असेल, तर नुसता चेहरा वळवला तरी चालतं. तेही जमत नसेल, तर आहे तसं राहू द्यायला धर्मशास्त्राची हरकत नाही. हे घरच्यांना शांतपणे सांगितलं तर ते ऐकतात. ‘जागा नाही’ म्हणून उडवून लावलं, तर आपल्या माणसाच्या शेवटच्या तासात आपण काही करू शकलो नाही, हे ते वर्षानुवर्षं उराशी धरून बसतात.

मग कानाशी कलमा. जवळचा माणूस हळू आवाजात तो म्हणतो, रुग्णालाही म्हणता यावा म्हणून. आग्रह करायचा नाही, रुग्णानं एकदा म्हटला की पुन्हापुन्हा म्हणायला लावायचं नाही, असं शास्त्रातच सांगितलंय. शेजारी कुणी यासीन सूरा वाचत असतं. यासाठी आयसीयूत दोन माणसं दहा मिनिटं उभी राहिली, तर कुठलं आभाळ कोसळतं? भेटीची वेळ चार ते सहा, हा नियम शेवटच्या रात्री किती ताणायचा, ते ड्युटीवरच्या सिस्टरच्या हातात असतं. झमझमचं पाणी तोंडात घालायचा घरच्यांचा हट्ट असतो. रुग्णाला गिळता येत नसेल, तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मग कापसाचा बोळा भिजवून ओठ ओले करा. दोघांचंही समाधान होतं.

वेदनेचा प्रश्न जास्त नाजूक. मॉर्फिन नशा आणतं, मग ते हराम का? औषध म्हणून, गरजेपुरतं घ्यायला बहुतेक उलेमांची मान्यता आहे. तरी काही रुग्णांना शेवटी शुद्धीत राहून कलमा म्हणायचा असतो आणि गुंगीची भीती वाटते. काहींना वेदना सोसण्यातच अल्लाहची परीक्षा दिसते. अशा वेळी नर्सनं डोस स्वतःच्या मनानं कमी करायचा नसतो आणि रुग्णाला अडाणी ठरवून रेटायचाही नसतो. डॉक्टरांशी बोलून गुंगी कमी येईल अशी मात्रा आणि वेळा ठरवता येतात. रमजान असेल, तर आजाऱ्याला रोजा माफ आहे. नमाज पडल्यापडल्या, नुसत्या डोळ्यांच्या खुणेनंही होते. पाण्यानं वुजू जमत नसेल, तर मातीवर हात फिरवून तयम्मुम करता येतो. हे रुग्णाला बहुधा माहीत असतं. पण तुम्हालाही माहीत आहे, हे त्याला कळलं की त्याची अर्धी धास्ती जाते.

आणि बाई-पुरुष. स्त्री रुग्णाजवळ शक्यतो सिस्टर, पुरुषाजवळ ब्रदर, अंगावरची चादर गरजेपुरतीच बाजूला करायची, आत येण्याआधी आवाज द्यायचा. हे सगळ्याच रुग्णांना आवडतं, तो भाग वेगळा. पण हा नियम लोखंडी नाही. रुफैदा स्वतः बाई होत्या आणि सादसारख्या पुरुषाची जखम बघत होत्या. गरज असेल तिथे गरज मोठी, ही सवलत परंपरेतच आहे. फक्त ती सवलत घ्यायची की नाही, हे रुग्णानं ठरवायचं. आपण त्याला त्याचाच धर्म शिकवायला जाऊ नये.

मृत्यूनंतरचा तास तर सगळ्यात अवघड, कारण त्यात घाई आणि कागदपत्रं यांची गाठ असते. डोळे मिटायचे, जबडा बांधायचा, हातपाय सरळ करायचे, नळ्या आणि सुया काढून जखमेवर घट्ट पट्टी लावायची, म्हणजे गुसलच्या वेळी रक्त येत नाही. मग पूर्ण अंग चादरीनं झाकायचं. इतकं नर्सनं करावं, मग ती कोणत्याही धर्माची असो. आंघोळ मात्र घरच्यांवर सोडावी, बाईला बायका आणि पुरुषाला पुरुष घालतात. दफन शक्य तितक्या लवकर व्हावं, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे दाखल्यावरची सही, बिल, शवागाराची चावी यात चार तास गेले की घरचे कासावीस होतात. पोलिस केस असेल आणि पोस्टमॉर्टेम कायद्यानं करावंच लागणार असेल, तर ते लपवून न ठेवता लगेच सांगितलेलं बरं.

कोविडच्या पहिल्या लाटेत हे सगळं एका झटक्यात हिरावलं गेलं. गुसल नाही, चेहरा पाहणं नाही, खांदा नाही. हिंदू घरांचंही तेच झालं, ख्रिस्ती घरांचंही. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेनं कोविडनं गेलेल्या कुठल्याही धर्माच्या माणसाला दहनच द्यावं, असं परिपत्रक काढलं आणि त्याच दिवशी ते मागे घ्यावं लागलं. मरणानंतरच्या विधींना ‘नंतर बघू’ म्हणता येत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

रुफैदांचं नाव आता कुठे कुठे दिसतं. दिल्लीत जामिया हमदर्दच्या नर्सिंग कॉलेजला त्यांचं नाव आहे. बहारीनमधल्या आयरिश वैद्यकीय विद्यापीठात दरवर्षी रुग्णसेवेत सरस ठरलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्याला त्यांच्या नावाचा पुरस्कार देतात. केरळमधल्या मलप्पुरमला त्यांचं नाव कुणी दिलेलं नाही. तरी मला विचाराल तर त्यांचा तंबू खरा तिथे आहे. या मुस्लिमबहुल जिल्ह्यात मरणपंथाला लागलेल्यांची शुश्रूषा नर्सेसच्या जोडीनं गल्लीतले स्वयंसेवक करतात. त्यात विद्यार्थी असतात, दुकानदार असतात, सगळ्या धर्मांचे असतात. घरोघर जाऊन जखमा धुतात, गप्पा मारतात, कुणाकडे तांदूळ संपले का तेही बघतात.

राहता राहिला तो रुग्ण, ज्याचं कुणीच नाही. सरकारी इस्पितळात असा एखादा असतोच. पाकिटात आधार कार्ड असतं, त्यावर नाव असतं आणि दिलेला फोन लागत नाही. श्वास धापा टाकतोय, रात्रीचे अडीच वाजलेत, वॉर्डात एक सिस्टर आणि चाळीस पेशंट. अशा वेळी तिनं पलंगाचं तोंड पश्चिमेला करायचं, ओठ ओले करायचे. वॉर्डबॉय किंवा शेजारचा पेशंट मुसलमान असेल, तर त्याला कलमा म्हणायला बोलवायचं. कुणीच नसेल, तर फोनवर कुराणाचं पठण बारीक आवाजात लावून उशाशी ठेवायचं. आणि जवळच्या मशिदीचा नंबर ड्युटीरूमच्या भिंतीवर आधीच लिहून ठेवायचा. बहुतेक मशिदींत जनाज्याची खाट ठेवलेली असते. पोलिसांचे कागद झाले की जमातीची माणसं ती घेऊन येतात. त्या माणसाला ते ओळखत नसतात. तरी त्याला आंघोळ घालतात, कफन घालतात, रांगेत उभं राहून नमाज पढतात आणि खांदा देतात.